हॉलमधल्या फुग्यांतला हेलियम गाडीच्या कॉम्प्रेसरने परत सिलिंडरमध्ये भरता येतो का?

हा उद्योग मी करून बसलोय, म्हणून लिहितो. ठाण्यात वाढदिवस-बारशांची सजावट करतो. घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम उरकला तेव्हा छताला दोनशे फुगे तसेच चिकटलेले होते. हेलियम जवळपास सगळा परदेशातून येतो, तो टाचणीने सोडून द्यायचा म्हणजे जिवावर येतं. टेम्पोच्या बॅटरीवर चालणारा, टायरमध्ये हवा भरायचा पंप जवळ होताच. म्हटलं, फुगे पंपाला लावू आणि गॅस रिकाम्या ट्यूबमध्ये घेऊ.

पण त्या पंपाला हवा आत घ्यायला धड तोंडच नसतं, डोक्याजवळच्या फटींतून ओढतो. त्या फटींवर चिकटपट्टी गुंडाळून रात्री साडेबारापर्यंत मी आणि पोऱ्या फुगे पिळत बसलो. दुसऱ्या दिवशी तलावपाळीजवळ एका उष्टावणाला त्या ट्यूबमधून पहिला फुगा भरला. कमरेपर्यंत आला आणि तिथंच राहिला. पोरं त्याला लाथा मारत होती.

कारण साधं आहे. बारा इंची फुग्यात साधारण 14 लिटर गॅस मावतो. शुद्ध हेलियम असेल तर तो 14 ग्रॅम उचलतो, त्यातले तीनेक ग्रॅम रबराचेच. पट्टीच्या फटींतून शिरलेली हवा निम्मी मिसळली की उचल सातवर येते. रबर आणि रिबीन वजा करा, काय उरतं बघा. वर रबरी फुगा भरल्यापासूनच झिरपायला लागतो, 12 ते 18 तासांत मान टाकतो.

आता समजा, पंपात बाहेरची हवा शिरणं नीट थांबवलं. तरी दाबाचं काय? ट्रकच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर 8 बारच्या आसपास थांबतो (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब). आपला नेहमीचा 7 घनमीटरचा तपकिरी सिलिंडर म्हणजे आत 47 लिटर जागा आणि 150 बार दाब. त्यात 8 बारने भरलंत तर जेमतेम 27 फुग्यांचा गॅस मावेल. दोनशे फुग्यांसाठी सात-आठ सिलिंडर टेम्पोत घालून हिंडणार का?

गंमत म्हणजे ताकद कमी पडत नाही. दोनशे फुग्यांचा गॅस 150 बारपर्यंत दाबायला एखाद-दोन युनिटची ऊर्जा लागेल, इंजिनाला ती किरकोळ. पण दीडशे बार एका दमात गाठता येत नाही. तीन-चार टप्प्यांत दाबायचं, दर टप्प्यानंतर थंड करायचं. हेलियम दाबताना हवेपेक्षा जास्त तापतो आणि सीलमधून निसटतोही पटकन. द्रवरूप हेलियम वापरणाऱ्या प्रयोगशाळा उडालेला गॅस मोठ्या पिशवीत गोळा करून अशाच कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये भरतात, पण त्यांच्याकडे पुढे शुद्ध करायची सोय असते.

शिवाय असा सिलिंडर भरायला पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचा परवाना लागतो. आणि फुग्यात हायड्रोजन असेल (स्वस्त गॅस म्हणून काही जण सर्रास वापरतात) तर हा विचारही करू नका. हवेत 4 टक्के मिसळला तरी ठिणगीने पेटतो, आणि तुमच्या पंपाची मोटर ठिणग्याच उडवत असते.

मी आता टांगायला फॉइलचे फुगे वापरतो, कमानीत साधी हवा. कार्यक्रम संपला की फॉइलच्या तोंडात स्ट्रॉ सरकवायची, दुसरं टोक नव्या फुग्यात, आणि जुना हळूहळू गुंडाळत आणायचा. एका फुग्याला दोन मिनिटं लागतात.