स्वस्त ट्रायपॉड-सेल्फी स्टिक घेताना
इंदूरच्या जेल रोडवर किट घेणार असाल तर खोक्यावरच्या उंचीच्या आकड्याला भुलू नका. दांडी पूर्ण ओढा, कव्हरसकट स्वतःचा फोन आडवा लावा आणि हलकी टिचकी मारा. थरथर लवकर थांबेना किंवा फोन धरणारी मान हळूहळू झुकू लागली, तर परत ठेवा. सगळ्यात वरची नळी सर्वांत बारीक असते, डोलतं ते तिथेच. ती आत ठेवूनच वापरलेली बरी. मानेच्या सांध्याला घट्ट करता येणारा स्क्रू हवा. नुसता रिव्हेट (ठोकून बसवलेली खीळ) असेल, तर तो सैल झाला की इलाज नाही. सोबतचा फोटो काढायचा रिमोट बहुधा फोनच्या आवाजाच्या बटणाचाच इशारा पाठवतो; फोटो निघेना, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बटण झूमला लावलंय का पाहा. उगाच दुकानदार शिव्या खातो.