बर्मिंगहॅमला येताय? शाळेतलं मोफत जेवण आणि प्युपिल प्रीमियम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात नर्सची नोकरी, मुलगी 5 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. शाळेत जेवण फुकट मिळेल का, आणि घेतलं तर व्हिसाला बाधा येईल का?

आधी व्हिसाचं बोलू. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (थोडक्यात ‘एनआरपीएफ’, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही) ही अट असेल. शाळेतलं मोफत जेवण त्या ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाही, तेव्हा बिनधास्त अर्ज करा. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी मदत) मात्र मोडतात. ‘चाइल्ड बेनिफिट लावलं का?’ असं इथे कुणीही सहज विचारतं; त्या नादी लागू नका, व्हिसा वाढवताना अंगाशी येतं.

मुलीची काळजी मिटलेली आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत रिसेप्शन (इयर 1 च्या आधीचा वर्ग), इयर 1 आणि इयर 2 च्या सगळ्या मुलांना सप्टेंबर 2014 पासून दुपारचं जेवण मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. मुलगा इयर 4 किंवा 5 मध्ये बसेल, तिथे उत्पन्नाची अट येते. लंडनला असता तर महापौरांच्या योजनेत त्यालाही इयर 6 पर्यंत जेवण मोफत मिळालं असतं.

तुमच्यासारख्या व्हिसावरच्या कुटुंबांसाठी वेगळी मर्यादा आहे. लंडनबाहेर एक मूल असेल तर वर्षाला 22,700 पौंड, दोन किंवा जास्त असतील तर 26,300. लंडनमध्ये 31,200 आणि 34,800. हे करानंतरचं, अख्ख्या घराचं उत्पन्न. शिवाय बचत 16,000 पौंडांच्या आत हवी. आकडे 2025-26 चे आहेत, अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) बँड 5 ची, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीची, सुरुवात त्या वर्षी 31,049 पौंड होती. कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून 26 हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे अगदी काठावर. रात्रपाळीचे जादा पैसे किंवा तुमची एखादी पार्ट टाइम नोकरी आली, की तुम्ही रेषेबाहेर. त्यामुळे हे जेवण धरून बजेट आखू नका. मिळालं तर मिळालं.

अर्ज कौन्सिलच्या (इथल्या महापालिकेच्या) वेबसाइटवर असतो, पण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. ऑनलाइन यंत्रणा नॅशनल इन्शुरन्स नंबरवरून सरकारी मदतीची नोंद शोधते. तुमची नोंद नसणारच, म्हणून लगेच ‘पात्र नाही’ असं उत्तर येतं आणि लोक तिथेच सोडून देतात. तसं करू नका. शाळेच्या ऑफिसला किंवा कौन्सिलला ईमेल करून ‘एनआरपीएफ’ कुटुंबांसाठीची हाताने होणारी तपासणी मागा. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि ई-व्हिसाचा शेअर कोड (तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून द्यायचा कोड) तयार ठेवा.

उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर मुलीचाही अर्ज भरा, जरी तिला जेवण आपोआप मिळत असलं तरी. कारण प्युपिल प्रीमियम. वंचित मुलांच्या शिक्षणासाठी शाळेला मिळणारा हा जादा निधी 2011 मध्ये सुरू झाला. 2025-26 मध्ये प्राथमिकच्या प्रत्येक पात्र मुलामागे 1,515 पौंड, माध्यमिकमध्ये 1,075. इयर 2 पर्यंतचं सरसकट जेवण यात मोजलं जात नाही, उत्पन्नावर आधारलेली नोंदच लागते. एकदा नोंद झाली की पुढची सहा वर्षं ती गृहीत धरतात. गणना ऑक्टोबरच्या शाळा-जनगणनेवरून होते, म्हणून कागद सप्टेंबरमध्येच द्या. पैसे तुमच्या हातात येत नाहीत आणि तुमच्याच मुलावर खर्च करायचं बंधनही शाळेवर नाही. तरी सहलीच्या फीमध्ये सवलत मिळते का, हे जरूर विचारा. बऱ्याच शाळा देतात, पण आपणहून सांगत नाहीत. पैसा कुठे जातो ते शाळेच्या वेबसाइटवरच्या ‘प्युपिल प्रीमियम स्ट्रॅटेजी’त दिसतं.

आता ताटातलं. इथल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं चालतं. क्वॉर्न या मांसाला पर्यायी ब्रँडच्या बहुतेक पदार्थांत अंड्याचा पांढरा भाग असतो. जेली किंवा गोळ्यांत जिलेटिन असू शकतं. अंडं चालत नसेल तर ‘नो एग, नो जिलेटिन’ असं लेखी द्या. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. बेक्ड बीन्स आणि चीज घातलेला भाजलेला बटाटा बहुतेक शाळांत मिळतो, मुलांना तो लवकर आवडतो.

मुलाचा अर्ज मंजूर झाला तर सुट्ट्यांसाठी कौन्सिलच्या एचएएफ (हॉलिडे अॅक्टिव्हिटीज अँड फूड) योजनेतही नाव द्या. ईस्टर, उन्हाळा आणि ख्रिसमसच्या सुट्टीत खेळ आणि एक जेवण मोफत असतं. जागा लवकर भरतात, बुकिंग उघडल्या दिवशीच करा.