मोसंबीच्या सालींपासून एन्झाइम: एफडी मोडू का?

प्रश्न (बदनापूर तालुका): जालन्याच्या ज्यूसवाल्यांकडून मोसंबीच्या साली फुकट मिळतात. त्यावर बुरशी वाढवून पेक्टिनेज (फळांचा रस निवळायला लागणारं एन्झाइम) काढायचा विचार आहे. 12 लाखांची एफडी आहे, व्याज 7 टक्के. त्यातले 10 लाख काढू का? दोन वर्षांनी मुलीची कॉलेजची फी भरायची आहे.

उत्तर: एफडी मोडू नका. तुमच्याकडे कच्चा माल आहे, गिऱ्हाईक अजून नाही. रस निवळायला पेक्टिनेज घेणारे कारखाने नुसतं वजन बघत नाहीत, ॲक्टिव्हिटी युनिट, म्हणजे एन्झाइम किती जोरात काम करतं ते बघतात, आणि ती प्रत्येक लॉटला सारखी लागते.

फुकटची सालही फुकट पडत नाही. 100 किलो ओली साल वाळवली की 20-25 किलो उरते. ओली साल तशीच पडू दिली तर आंबते. सालीतलं तेल पेक्टिनेज बनवणाऱ्या ॲस्परजिलस नायजर बुरशीची वाढ रोखतं, म्हणून साल गरम पाण्यातून काढून मगच वाळवायची.

आधी छोटी चाचणी घ्या. 7 किलो कोरडी साल, 3 किलो गव्हाचा कोंडा, थोडं अमोनियम सल्फेट विरघळवलेलं साधारण 16 लिटर पाणी. 121 अंशांवर निर्जंतुक करा, गार झाल्यावर बुरशीचं विरजण मिसळा, ट्रेमध्ये 2-3 सेंटिमीटर थर द्या. 30 अंशांवर 4 ते 6 दिवस. थर जाड झाला की आत उष्णता कोंडते आणि एन्झाइम घटतं; पाणी जास्त झालं की जिवाणू शिरतात. बीजाणू फुप्फुसाला घातक असतात, त्यामुळे हे राहत्या घरात नको, आणि मास्क हवाच. आपल्याकडचा मे महिना बघता कूलिंगचं वीजबिल आत्ताच हिशेबात धरा. बुरशी वाढलेल्या सालीतून काढलेला एन्झाइमचा अर्क 4 अंशांवर ठेवावा लागतो, तोही खर्चच. ॲक्टिव्हिटी तपासण्याबद्दल परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या अन्नतंत्र महाविद्यालयात विचारा.

या चाचणीसाठी एफडीवर 60 हजारांचं ओव्हरड्राफ्ट (एफडी न मोडता तिच्या तारणावर उचल) घ्या. दर एफडीपेक्षा दीड टक्का जास्त धरला, तरी सहा महिन्यांचं व्याज 2,550 रुपये. मुदतीआधी एफडी मोडली तर जेवढे दिवस ठेवली तेवढ्याचाच दर मिळतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. फीचे पैसे अजिबात हलवू नका. आणि तुमची ‘एफडी’ पतसंस्थेत असेल तर 5 लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण तिला नाही, हे आजच तपासा.

खरेदीदाराने नमुना पास करून लेखी ऑर्डर दिली, तर पुढच्या युनिटसाठी पीएमईजीपीतून (केंद्राची नव्या उद्योगांना कर्ज-अनुदान देणारी योजना) कर्ज मागा. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के अनुदान आहे. मात्र ते हातात येत नाही, 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. तोवर हप्ते कर्जाच्या पूर्ण रकमेवर धरूनच गणित मांडा.