घरी आले, पण केंद्राचीच आठवण येते

ताई, मी वीस वर्षांची. नैराश्यासाठी अडीच महिने निवासी उपचार केंद्रात होते. घरी येऊन तीन आठवडे झाले. सगळे विचारतात, ‘आता बरी झालीस ना?’ आई सारखी खोलीत डोकावते. मला मात्र केंद्रात परत जावंसं वाटतं. मी पुन्हा आजारी पडतेय का?

अगं, नुसत्या आठवणीवरून तसं म्हणता येणार नाही. तिथे उठायची वेळ ठरलेली, गोळ्या हातावर ठेवणारी नर्स, सकाळचं गटसत्र. ‘काल झोप लागली नाही’ एवढं म्हटलं की समोरच्याला पुढचं कळायचं. घरी अख्खा दिवस मोकळा, आणि तो तूच भरायचा. त्याची घडी बसव, पण एकदम सगळी नको. उठायची वेळ, गोळ्यांची वेळ आणि घराबाहेरचं एक काम, बस. रात्री झोप झाली नाही तरी उठायची वेळ तीच.

आता आई. ती घाबरली आहे, आणि उगाच नाही. उपचारांतून घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने, त्यातही सुरुवातीचे आठवडे, सगळ्यांत जोखमीचे असतात. म्हणून तर लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या आठवड्यातच, डॉक्टरांना भेटायचं असतं. (तुझ्या पत्रात या भेटीचा उल्लेखच नाही. राहिली असेल तर आजच वेळ घे.) आईशी ठरव: रोज रात्री दहा मिनिटं झोप, जेवण, मन कसं आहे ते तू आपणहून सांगायचं, आणि तिने दार वाजवून आत यायचं. निघताना लिहिलेला सुरक्षा आराखडा (मन फार खचलं तर काय करायचं, कुणाला हाक मारायची, याचा कागद) बॅगेच्या तळाशी पडला असेल, तर तोही दोघींनी वाचा. जास्तीच्या गोळ्या तिच्याकडे राहू देत.

बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नकोस. नैराश्य ओसरल्यावरही त्या साधारण 6 महिने तरी चालू ठेवतात. अचानक थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं आणि आजारच उलटला असं वाटतं.

‘बरी झालीस ना?’ला ‘उपचार चालू आहेत’ एवढं उत्तर पुरे. सगळं खरं एखाद्याच मैत्रिणीला सांग. केंद्रातल्या मैत्रिणींशी जरूर बोल, फक्त रात्री दोन वाजता एकमेकींच्या डॉक्टर होऊ नका.

सलग काही दिवस झोप उडाली, अंघोळ नकोशी झाली, फोन उचलवेना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळव. आणि ‘मी नसले तर बरं’ असं मनात आलं, तर त्याच क्षणी आईला उठव. एकटी राहू नकोस, हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा.

परत जावंसं वाटतं, हेही डॉक्टरांना सांग. काही ठिकाणी दिवसा येऊन संध्याकाळी घरी जायची सोय असते. तुझ्यासाठी तशी काही आहे का, विचारून बघ.