ह्यूस्टनला घरच्या बॅकअपसाठी सैन्याचा जुना डिझेल जनरेटर लिलावात घ्यावा का? घरी आणायचा कसा? पुढे भारतात नेता येईल का?

घ्या. फक्त पाच किलोवॅटचा नको, दहाचा घ्या, आणि बोली लावण्याआधी मागच्या कुंपणाचं फाटक मोजा. लिलाव, कागदपत्रं, हायवे हे सगळं निभतं. खरा घाम निघतो तो ड्राइव्हवेपासून परसदारापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात.

तुम्ही लिहिलंय की बेरिल चक्रीवादळानंतर बरेच दिवस अंधारात काढले आणि शेजारी म्हणतात, 'सैन्याने टाकलेलं भंगार घरी कशाला आणता?' हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. आमच्या साडूंनी माझ्याच ड्राइव्हवेत उभं राहून, पोरांच्या देखत हाच शब्द वापरला होता. त्यांच्याकडे दुकानातून आणलेला, चाकांवर ढकलायचा पेट्रोलचा जनरेटर होता. "एवढं ओझं ओढत आणायची काय गरज होती? भंगारच ते," असं म्हणून ते चहा प्यायला आत गेले.

२०२१ च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळात टेक्सासची ग्रिड पूर्ण कोसळायला फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे नंतर ग्रिड चालवणाऱ्या एरकॉट या संस्थेनेच सांगितलं. ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. आमच्या घरात त्या रात्री तोंडातून वाफ निघत होती, पोटमाळ्यातला पाइप फुटला आणि धाकटीला आम्ही दोघांच्या मध्ये घेऊन, अंगावर होती तेवढी पांघरुणं घालून झोपवलं. पुन्हा ही वेळ घरावर येऊ द्यायची नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

माझे वडील, आण्णा, पलूसच्या बाजूला विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यामुळे इंजिन बघताना रंग आणि स्टिकर बघायचे नाहीत, आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आणि वजन बघायचं, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. मी घेतलेला सेट म्हणजे एमईपी-८०३ए, सैन्याचं दहा किलोवॅटचं मॉडेल. ओनान कंपनीचं चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन, १८०० आरपीएमवर चालणारं. दुकानातले बहुतेक साधे पोर्टेबल ३६०० आरपीएमवर पळतात. दुप्पट वेगाने फिरणारं छोटं इंजिन आठवडाभर सलग चालवलं की त्याचं काय होतं, ते ज्याने पिस्टन-रिंगा बदलल्या आहेत त्याला विचारा. वजन म्हणाल तर कोरडा सेट ११८२ पौंड, म्हणजे साधारण ५३६ किलो. साडूंना जे ओझं वाटलं ते ओतीव लोखंड आणि तांबं आहे. टिकतं ते त्यामुळेच.

पाचचा का नको? पाच किलोवॅटच्या ८०२ए मध्ये दोन सिलिंडर कमी आणि वजनही कमी, म्हणून लोकांना मोह होतो. पण ह्यूस्टनच्या जुलैत एसी चालवता येत नसेल तर जनरेटर कशाला? दहाच्या सेटवर तीन टनाचा एसी सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा झटका कमी करणारं उपकरण) लावून चालतो, शिवाय फ्रिज, पंखे, दिवे. दुसरं म्हणजे तुमच्याकडे एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची सोसायटी, असणारच. टेक्सास प्रॉपर्टी कोडच्या कलम २०२.०१९ नुसार एचओएला कायमस्वरूपी बसवलेल्या स्टँडबाय जनरेटरवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण त्या व्याख्येत बसायला सेट किमान सात किलोवॅटचा हवा, कंपनीचंच आवाज दाबणारं आवरण हवं आणि ट्रान्सफर स्विचने (घराला वीज ग्रिडची की जनरेटरची, ते बदलणारा स्विच) पॅनेलला जोडलेला हवा. पाचचा सेट व्याख्येबाहेर जातो.

मी घेतला तेव्हा हा माल सैन्याच्या वतीने गव्हप्लॅनेट या वेबसाइटवर ऑनलाइन लिलावात निघायचा. जसा आहे तसा, जिथे आहे तिथून उचला, असा व्यवहार. काही मालाला एंड यूज सर्टिफिकेट (माल कोण आणि कशासाठी वापरणार, हे लिहून द्यायचा कागद) लागतं, ते मंजूर झाल्याशिवाय माल हलत नाही. लिलावाच्या पानावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचा. फोटोंत कंट्रोल पॅनेल नीट बघा. मीटर काढून नेलेले, वायरी लोंबणारे सेट सोडून द्या. तासांच्या मीटरवर फार विसंबू नका, तो बदललेला असू शकतो. नेमप्लेटच्या शेजारी डेपोत ओव्हरहॉल झाल्याची पट्टी असेल तर तिला तासांपेक्षा जास्त मान द्या.

माझा सेट निघाला फोर्ट हूडच्या लष्करी तळावर, किलीनजवळ. मंडळातल्या एका मित्राकडे गणपतीचं सामान न्यायचा दोन आसांचा ट्रेलर आहे आणि पिकअप आहे, तो बरोबर आला. तळावर जायचं म्हणजे व्हिजिटर सेंटरला लायसन्स, गाडीचे कागद, इन्शुरन्स आणि मालाचा रिलीज कागद दाखवायचा, आणि ठरलेल्या वेळेलाच पोचायचं. तुम्ही व्हिसावर असाल तर प्रवेशाचं आधी फोन करून पक्कं करा किंवा अमेरिकन नागरिक असलेला मित्र सोबत न्या. साडेतीन तास गाडी हाकून गेटवरून परत यायला लागणं परवडत नाही.

तिथे चढवणं सोपं असतं. सेटच्या खाली फोर्कलिफ्टच्या खाचा असतात, त्यांचा माणूस दोन मिनिटांत ट्रेलरवर ठेवून देतो. मात्र कुठे ठेवायचा ते त्याला तुम्ही सांगायचं. तो ठेवेल तिथे ठेवू देऊ नका. वजन आसाच्या थोडं पुढे यायला हवं, हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार. मागे ठेवलात तर साठ मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग पिकअपही हातात राहत नाही. चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे बेसच्या चौकटीतून घ्या, आवरणाच्या पत्र्यावरून नाही. आम्ही टेंपलवरून हायवे ३६ धरला, कॅमेरॉन, कॅल्डवेल, ब्रेनहॅम, आणि पहिल्याच पेट्रोल पंपावर थांबून पट्टे पुन्हा आवळले. पहिल्या वीस मैलांत पट्टे सैल होतातच.

दुसरा मार्ग म्हणजे वाहतूकदाराला पैसे देऊन आणवणं. एका ओळखीच्यांनी तसं केलं. ट्रकवाला दारात आला आणि म्हणाला, उतरवणं माझ्याकडे नाही. सेट ट्रकवर, माणूस घड्याळ बघतोय, प्रत्येक तासाचे पैसे वेगळे. तेव्हा ठरवतानाच 'लिफ्टगेट (ट्रकच्या मागची माल खाली उतरवणारी फळी) आहे का आणि ती सहाशे किलो पेलते का' हे लेखी घ्या.

आता उतरवणं. भाड्याने दोन टनी इंजिन हॉइस्ट, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, आणला. फोर्कलिफ्टच्या खाचांतून जाड पट्टे घालून वर एकत्र घेतले, हॉइस्टचे पाय ट्रेलरच्या मागून खाली सारले आणि सेट फक्त चार बोटं उचलला. मग सेट हलवायचा नाही, ट्रेलर खालून पुढे काढायचा. सेट हवेत थांबतो, ट्रेलर निघून जातो. त्या वेळी कुणाचाही पाय, हात, काही खाली नाही. मुलांना घरात बंद करून ठेवलं होतं. हॉइस्टचे पाय सपाट काँक्रीटवर हवेत. गवतावर हॉइस्ट नेलात तर एक चाक रुतून सगळं आडवं होईल.

खाली घेतला तो थेट जमिनीवर नाही, तीन जीआय पाइपांवर. गवतावर प्लायवुडच्या जाड फळ्या, फळ्यांवर पाइप, पाइपांवर सेट. आण्णा विहिरीच्या काठाकडे इंजिनं अशीच न्यायचे. मागून पहारीने रेटायचं, पुढून एकजण मागे सुटलेला पाइप उचलून पुढे लावायचा, बाजूला तिसरा हातात लाकडी ठोकळा घेऊन तयार. उतार आला की ठोकळा आधी, रेटा नंतर. कुंपणाच्या फाटकातून सेट जाणार नाही हे आधीच मोजलेलं होतं. तो जवळपास ३२ इंच रुंद आहे, आणि पहार चालवायला दोन्ही बाजूंना जागा लागते. म्हणून कुंपणाचा एक अख्खा भाग स्क्रू काढून आडवा ठेवला. संध्याकाळपर्यंत सेट परसदारातल्या काँक्रीटच्या ओट्यावर होता. ओटा उंच केलाय, कारण हार्वे चक्रीवादळात आमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर अजून दिसतं. याच संध्याकाळी साडू आले होते.

चालू करण्याआधी तेल-पाणी बघितलं, डिझेलचे फिल्टर बदलले, टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकलं. यात २४ व्होल्टची सिस्टिम आहे, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचं काही जोडू नका. आत डेड क्रँक नावाचा स्विच असतो. त्याने इंजिन चालू न होता नुसतं फिरतं, म्हणजे जाम आहे की मोकळं ते कळतं. मोकळं होतं. मग खरा सेल्फ मारला. इंजिनाने हवा धरली होती, दोन-तीनदा आचके देऊन बंद पडलं. इंजेक्टरच्या नळीचं नट अर्धा आटा सैल केलं, डिझेल बुडबुड्यांसकट फसफसून आलं, मग बुडबुडे थांबून सरळ धार लागली, नट आवळलं. पुढच्या सेल्फला चारही सिलिंडर एकदम लागले. सुरुवातीला पांढरा धूर, मग निवळला. तो आवाज ऐकून मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "टॅपेट बघून घे, बाकी इंजिन निरोगी आहे."

८ जुलै २०२४ ला बेरिल आलं. सेंटरपॉइंट या वीज कंपनीच्या २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमचीही. वीज येईपर्यंत हा सेट आमचं घर चालवत होता, आणि जाड एक्स्टेन्शनवर शेजारच्या आजींचं ऑक्सिजन मशीन. साडूंचा पेट्रोलवाला दुसऱ्याच दिवशी व्होल्टेज खालीवर करायला लागला, पेट्रोलसाठी रांगा होत्याच. मेहुणी आणि मुलं आमच्याकडे राहायला आली, साडूही आले. त्यांनी तो शब्द मागे घेतलेला नाही, पण एसीत झोपले. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: जे यंत्र माणूस स्वतः उघडू शकतो आणि ज्याचं मॅन्युअल सगळ्यांना मिळतं, ते भंगार नसतं. या सेटचं मॅन्युअल टीएम ९-६११५-६४२, ऑपरेटरचं वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. एकेक वायर त्यात काढलेली आहे.

जोडणीबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही. ट्रान्सफर स्विच किंवा पॅनेलवर इंटरलॉक (ग्रिड आणि जनरेटर एकाच वेळी चालू होऊ न देणारी पट्टी), परवाना घेऊन, इलेक्ट्रिशियनकडून. ड्रायरच्या सॉकेटमध्ये दोन्हीकडे पिना असलेली वायर खुपसून घर चालवणारे मी आपल्याच लोकांत बघितलेत. त्याने बाहेरच्या खांबावर काम करणारा लाइनमन मरतो. सेटमध्ये व्होल्टेज निवडायचा स्विच आहे. सैन्यातून येताना तो बऱ्याचदा १२०/२०८ थ्री फेजवर असतो, घरासाठी १२०/२४० सिंगल फेजवर आणा, एल१, एल३ आणि एल० या टर्मिनलांवर मल्टिमीटर लावून बघा, मगच घर जोडा. बॅटल शॉर्ट लिहिलेल्या स्विचला हात लावू नका. तो तेलाचा दाब गेला तरी इंजिन बंद होऊ देत नाही. लढाईत ते बरोबर, घरी इंजिन जातं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, आता सांगतो. धूर खिडक्या-दारांपासून लांब, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म हवेतच. नुसते दोन दिवे लावून हा सेट चालवू नका. कमी लोडवर डिझेल पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं चिकट तेल गळायला लागतं. मी महिन्यातून एकदा वॉटर हीटरच्या लोडवर चालवतो. रंग खास सैनिकी असतो, त्याला पॉलिशपेपर मारू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. या सेटच्या सैनिकी नावात 'क्वाएट' आहे, पण 'क्वाएट' म्हणजे शांत नव्हे, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आणि पाना हातात धरायची सवय नसेल, शिकायचीही इच्छा नसेल, तर हा सेट घेऊ नका. चालू करून तपासलेला सेट विकणारे लोक आहेत, पैसे जास्त पडतात, किंवा सरळ नैसर्गिक वायूवरचा स्टँडबाय बसवून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

भारतात नेण्याचं म्हणाल तर सोडून द्या. हा ६० हर्ट्झचा आहे, आपल्याकडे ५०. इंजिन १५०० वर आणून गव्हर्नर आणि रेग्युलेटर जुळवत बसावं लागेल, शिवाय सैन्याचा माल अमेरिकेबाहेर काढायला निर्यातीचे नियम आडवे येतात. गावच्या घरासाठी तिकडेच पुण्या-सांगलीत सेट घ्या, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि मिस्त्री घरी येतो.