पास कोणाचा, कशासाठी आणि कुठवर?

विमानतळावरील सुरक्षा-नियम आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांविषयी पुण्यातील, विशेषतः लोहगाव परिसरातील, वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाला एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत सामान चढवण्या-उतरवण्याचे काम मिळाले आहे. कंपनीचे ओळखपत्रही मिळाले. परंतु विमानतळाचा पास न आल्याने त्याला अजून कामावर घेतलेले नाही. पासपोर्ट काढताना त्याची पोलिस चौकशी झालेली आहे. मग ती पुन्हा कशासाठी?
— एक पालक, धानोरी

उत्तर : कंपनीचे ओळखपत्र आपला मुलगा कोणाचा नोकर आहे एवढेच सांगते. विमानतळाच्या आत कुठे जाता येईल हे ठरवणारा पास वेगळा असतो. त्याला एअरपोर्ट एंट्री परमिट किंवा बोलीभाषेत ‘एईपी’ म्हणतात आणि त्याची व्यवस्था नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘बीसीएएस’ या सुरक्षा यंत्रणेकडे आहे. 1976 मधील विमान अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून 1978 मध्ये ती एक कक्ष म्हणून सुरू झाली आणि एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाच्या 1985 मधील घातपातानंतर, 1 एप्रिल 1987 पासून, स्वतंत्र विभाग झाली. पासपोर्टसाठीची चौकशी परदेश प्रवासाच्या कागदासाठी असते. येथे प्रश्न असतो तो उभ्या विमानाच्या पोटाशी एकट्याने हात लावू देण्याचा. त्यामुळे पार्श्वभूमीची तपासणी स्वतंत्रपणे होते आणि अर्जही उमेदवाराने नव्हे, तर कंपनीने करायचा असतो. पूर्वी एखादा गुन्हा नोंदला गेला असेल तर तो अर्जात लपवू नये, कारण किरकोळ प्रकरणापेक्षा लपवाछपवीच जास्त अंगाशी येते.

हाती आल्यावर मुलाला पास नीट वाचायला सांगा. त्यावर फोटो, कंपनीचे नाव आणि मुदत असते, शिवाय विमानतळाच्या कोणकोणत्या विभागांत जाता येईल ते अक्षरांनी दाखवलेले असते. बॅगेज आणि एप्रन (विमाने उभी करण्याची जागा) या विभागांची परवानगी असलेला कर्मचारी प्रवाशांच्या प्रतीक्षाकक्षात चहा प्यायला गेला, तर पास खरा असूनही ते उल्लंघनच ठरते. फाटकावरचा सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, जवान आधी ही अक्षरे पाहतो, मग चेहरा.

प्रश्न : माझी मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तिथे सरकारने विमानतळांच्या सुरक्षेचा मोठा आढावा घेऊन कर्मचाऱ्यांच्या कार्डांची पद्धत बदलली, असे ती सांगते. अशा आढाव्यातून प्रत्यक्षात काही निष्पन्न होते का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्या उदाहरणात तरी झाले. 2005 च्या मे महिन्यात सिडनी विमानतळाविषयीचा सीमाशुल्क खात्याचा एक गोपनीय अहवाल वृत्तपत्रात फुटला. गुन्हेगारी पार्श्वभूमीचे लोक विमानतळावर काम करत असल्याचे त्यातून बाहेर आले आणि सरकारची चांगलीच पंचाईत झाली. आढावा घेण्यासाठी ब्रिटनचे माजी मंत्री सर जॉन व्हीलर यांना पाचारण करण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. विमानतळावरील पोलिस व्यवस्थेतील विस्कळीतपणावर त्यांनी बोट ठेवलेच. पण ओळखपत्रांबाबतची त्यांची सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. कार्ड देणाऱ्या संस्था अनेक होत्या, म्हणून निदान पार्श्वभूमीची तपासणी तरी एका केंद्रीय यंत्रणेने करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून 2007 मध्ये ‘ऑसचेक’ ही यंत्रणा उभी राहिली. तरीही एक फट बरीच वर्षे राहिली. तपासणीचा रोख दहशतवाद आणि विमानाला असलेला धोका यांवर होता, त्यामुळे अमली पदार्थांची टोळी चालवणारा मनुष्य त्या चाळणीतून निसटू शकत होता. गंभीर गुन्हेगारीचा निकष कायद्यात आला तो 2021 मध्ये, म्हणजे व्हीलर यांच्या अहवालाला सोळा वर्षे होत आल्यावर!

आपल्याकडेही 2011 चे विमान सुरक्षा नियम जाऊन 2023 चे नियम आले आणि 1934 च्या विमान कायद्याची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. असा आढावा घेताना अर्जाला आणखी एक कागद जोडायला लावणे सर्वांत सोपे असते. पास दिल्यानंतरच्या काळात त्या माणसाकडे पुन्हा कोण पाहणार, हा प्रश्न अवघड असतो आणि आढाव्याची किंमत माझ्या मते त्याच्या उत्तरावरूनच ठरवावी.

प्रश्न : आमचे शेजारी विमानतळावर नोकरीला आहेत. आईला विमानात बसवून देण्यासाठी ते त्यांच्या पासवर आम्हाला आत नेऊ शकतील का?
— एक वाचक, विमाननगर

उत्तर : नाही, आणि त्यांना तशी गळही घालू नका, कारण नोकरी त्यांची जाईल. आईंना मदतीची गरज असेल तर तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे व्हीलचेअरची नोंद करा. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, तेव्हा निरोपाचे फोटो काढायचे तर टर्मिनलबाहेरच काढलेले बरे.

प्रश्न : माझी कंत्राटी नोकरी संपली, पण कंपनीने पास मागितलेला नाही. त्याची मुदत अजून शिल्लक आहे. तो ठेवून घेतला तर काय बिघडले? शिवाय पास असतानाही आमची रोज झडती होत असे, त्याचे प्रयोजन मला आजवर कळलेले नाही.
— एक वाचक, लोहगाव

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर अमेरिकेतील एकाच दुर्घटनेत सापडते. 7 डिसेंबर 1987 रोजी लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात, यूएसएअर कंपनीने कामावरून काढलेला एक कर्मचारी पिस्तूल घेऊन चढला. त्याचे ओळखपत्र काढून घेतलेले नव्हते आणि कर्मचारी म्हणून त्याची झडतीही झाली नाही. विमानातील 43 जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्यानंतर तेथे नोकरी सुटताच ओळखपत्र जमा करून घेणे आणि कर्मचाऱ्यांनाही प्रवाशांप्रमाणेच तपासणे बंधनकारक झाले.

झडतीचा राग मी समजू शकतो. वर्षानुवर्षे ओळखीचा असलेला जवानच रोज खिसे रिकामे करायला लावतो तेव्हा तो अपमान वाटतो. पण पास देताना केलेली चौकशी त्या दिवसापुरती खरी असते. 10 ऑगस्ट 2018 रोजी सिएटल विमानतळावरून होरायझन एअरचे रिकामे विमान पळवून नेणारा माणूस त्याच कंपनीचा ग्राउंड कर्मचारी होता. त्याची पार्श्वभूमी तपासलेली होती आणि पासही वैध होता. झडतीने तो प्रकार टळला असता असे नाही, कारण त्याच्या खिशात काही सापडलेच नसते. मात्र वैध पास म्हणजे माणसाची हमी नव्हे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

आपण पास ताबडतोब कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे जमा करावा आणि तारखेसह लेखी पोच घ्यावी. कंपनीने टाळाटाळ केल्यास पास जेथून मिळाला त्या विमानतळाच्या पास विभागाकडे अर्ज द्यावा आणि त्याची स्थळप्रत जवळ ठेवावी. दरम्यान पास हरवलाच, तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत त्याच अर्जाला जोडा.