कॅमेऱ्याच्या स्क्रीनला काच लावू का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, नवीन डीएसएलआर घेतलाय, मे महिन्यात ताडोब्याला जायचं ठरलंय, जिप्सीत धूळ फार उडते म्हणतात. दुकानदार म्हणे ९एचची काच लावून घ्या, मग ओरखड्याचं टेन्शनच नाही. बर्डीत मोबाईलवाल्याकडे स्वस्तात मापाने कापूनही मिळते, ती लावली तर जमते का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : काच लावाच, पण ते ९एच म्हणजे काय ते आधी समजून घ्या कारण त्या आकड्यावरच सगळा माल विकला जातो. तो पेन्सिलच्या कठीणपणाचा ग्रेड आहे. पेन्सिल ४५ अंशात धरून, ठरलेलं वजन देऊन पृष्ठभागावर ओढतात आणि ९एचच्या पेन्सिलनेही चरा नाही पडला की झालं, शिक्का मिळाला. आता ताडोब्याच्या वाटेवर काय पेन्सिली उडतात का, तिथे उडते माती आणि त्या मातीत असते बारीक वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणा मोजायच्या मोहस् स्केलवर ७ आणि काच असते साधारण साडेपाच-सहाच्या घरात. म्हणजे वाळूचा कण काचेला ओरखडा पाडणारच, मग पाकिटावर काहीही छापलेलं असू द्या.

मग लावायची कशाला? तर तो ओरखडा काही शे रुपयांच्या काचेवर पडावा, तुमच्या स्क्रीनवर नाही, एवढ्यासाठी. कॅमेरा गळ्यात लटकलेला असला की स्क्रीन दिवसभर पोटाशी घासत असते, शर्टाची बटणं, बेल्टचं बक्कल, जॅकेटची चेन, सगळं तिथेच लागतं. आणि एक कळकळीची विनंती, सफारीत डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याने स्क्रीन पुसू नका हो, सगळेच पुसतात, पण त्या दुपट्ट्यात सकाळपासूनची धूळ बसलेली असते आणि तुम्ही तीच स्क्रीनवर रगडता. आधी ब्लोअरने फुंकर मारा, मग मायक्रोफायबरचं कापड हलक्या हाताने फिरवा.

राहिली मोबाईलवाल्याची गोष्ट. तो मशीनवर कापून देतो ती प्लॅस्टिकची फिल्म असते, काच नसते, टेम्पर्ड, म्हणजे कडक केलेली काच अशी दुकानात बसून कापता येत नाही. फिल्मही वाईट नाही, बारीकसारीक घासण्यापासून वाचवते, पण टोकदार काही आपटलं तर तिचा काही उपयोग नाही. काच घ्यायची तर तुमच्या मॉडेलचं नाव छापलेलीच घ्या, नुसतं '३ इंच' बघून घेऊ नका. ३ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप आहे, लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असलेली स्क्रीन असेल तर ती साधारण ६३ बाय ४२ मिलिमीटर भरते आणि ४:३ची असेल तर ६१ बाय ४६, वरून प्रत्येक कंपनीची काळी बॉर्डर वेगळी, त्यामुळे एकाची दुसऱ्याला बसत नाही.

घरी लावणार असाल तर कूलर आणि पंखा दोन्ही बंद करा. आपल्याकडे मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड, पण कूलरच्या हवेसोबत जी धूळ येते ती नेमकी चिकटाच्या बाजूला जाऊन बसते. धूळ बसून बुडबुडा आला तर तो दाबून जात नाही, तिथला कोपरा उचलून सेलोटेपने तो कण काढावा लागतो. नुसत्या हवेचा बारीक बुडबुडा असेल तर दोन दिवसांत आपोआप जातो.

प्रश्न : मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो काढायला इतवारीत गेली होती. काच लावल्यापासून उन्हात स्क्रीनवर धड काही दिसूनच नाही राहिलं, नुसता माझाच चेहरा दिसते. काच काढून टाकू का?
— एक वाचक, खामला

उत्तर : ताई, काढायच्या आधी काच तिरपी धरून नीट बघा, ती सगळीकडून चिकटली आहे की फक्त कडेला? माझा अंदाज आहे तुमची फक्त कडेला चिकटलेली असेल. हवेतून काचेत जाताना आणि काचेतून हवेत येताना प्रत्येक वेळी साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. काच पूर्ण चिकटलेली असेल तर मधे हवाच नसते, त्यामुळे चकाकी जवळपास आधीइतकीच राहते. पण कडेलाच चिकट असेल तर मधे हवेचा पातळ थर राहतो, दोन पृष्ठभाग वाढतात आणि इतवारीच्या उन्हात ते ८ टक्के म्हणजे फार होतात, स्क्रीनचा स्वतःचा उजेड त्याच्यापुढे टिकत नाही. वरून पावसाळ्यात त्या फटीत दमटपणा आणि धूळ शिरते ते वेगळंच. तेव्हा ही काढा आणि पूर्ण चिकटणारी, ०.३ मिलिमीटरच्या आसपासची पातळ काच लावा. काढताना हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ द्या, मग एका कोपऱ्यातून नख घालून हळूहळू उचला, चाकू-ब्लेड अजिबात नको.

पूर्ण चिकटलेली असूनही त्रास होत असेल तर ब्राइटनेस वाढवा, आणि उन्हात एक्स्पोजर स्क्रीन बघून ठरवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख बघा. मारबतीच्या गर्दीत गुलाल, काळी मारबत, पिवळी मारबत, पांढरे सदरे सगळं एकाच फ्रेममध्ये येतं, पांढरं जळलं की नाही ते हिस्टोग्रामच सांगतो. आणि हो, पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तो काढून बघा, कितीतरी वेळा स्क्रीन काळी दिसते ती त्याच्यामुळे, काचेचा त्यात काही दोष नसतो.

प्रश्न : माझी स्क्रीन फिरणारी आहे, टचही आहे. काच लावली तर टच चालेल का, आणि स्क्रीन उलटी करून बंद होईल का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : टच चालतो, पातळ आणि पूर्ण चिकटलेली काच असेल तर काही फरक पडत नाही. बंद होण्याचं मात्र मॉडेलवर आहे, म्हणून दुकानातच लावून स्क्रीन आतल्या बाजूला फिरवून बघा, अडकत असेल तर जोर लावू नका, बिजागरी गेली तर काचेच्या कितीतरी पट खर्च येतो. तसंही तुम्ही बॅगेत ठेवताना स्क्रीन नेहमी आत फिरवून ठेवत असाल, तर तुम्हाला काचेची गरज बाकीच्यांपेक्षा कमीच आहे, साधी फिल्मही पुरते.